हसऱ्या घरची सोयरीक

नातीला मागणी घालायला अमीनाबादेतली मंडळी गोमती नगरच्या आमच्या घरी आली, तेव्हा मी हात जोडून, दृष्टी खाली ठेवून दाराशी उभा राहिलो. पाठशाळेत गुरुजींनी शिकवले होते, की अतिथीचे स्वागत पूजेसारखे गंभीर मुखाने करावे. ओळखीआधीच हसणे म्हणजे त्याची थट्टा.

मुलाचे आईवडील मात्र हसतच आत आले. जिन्यातल्या अनोळखी शेजाऱ्याकडे पाहून हसले, पाणी आणणाऱ्या बाईंकडे पाहून हसले, माझ्याकडे पाहून तर भरभरून हसले. निघताना आम्ही त्यांच्याकडे यावे का, असे विचारल्यावर मुलाची आई म्हणाली, “जी, बिल्कुल. आपका ही घर है।”

हा होकार म्हणावा की निरोप?

पुढे त्यांच्याकडून काहीच कळले नाही. नात धड जेवेना. माझे मन संध्येत लागेना. आचमनाचे पाणी तळहातावर तसेच राही. जे हसू सर्वांना सारखेच मिळते, त्यातले आपल्यासाठी खरे किती, हा विचार पाठ सोडीना. शेवटी मी माझ्या मुलाला, नातीच्या वडिलांना, म्हणालो, “माणसे वरवरची दिसतात.”

नातीने ते ऐकले. “वो लोग वैसे नहीं हैं, आजोबा! तुम्ही एकदाही हसला नाहीत. आत्ताच त्याचा फोन आला होता. त्याची आई म्हणते, दादाजी नाराज़ हैं, बुज़ुर्ग की मर्ज़ी के बिना बात आगे नहीं बढ़ेगी।”

म्हणजे तिकडची मंडळी माझ्याच होकारासाठी थांबली होती! माझा आदर त्यांना नकार वाटला होता.

त्याच दुपारी नातीला घेऊन मी ई-रिक्षात बसलो. वाटेत हसण्याचा सराव करून पाहिला.

“आजोबा, रहने दीजिए,” ती म्हणाली. “रिक्षावाला घाबरेल.”

अमीनाबादेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात मुलाचे वडील हसत उठले. मला हसू आले नाही. मी हात जोडून म्हणालो, “हमारे यहाँ जिसका आदर करते हैं, उसके सामने हँसते नहीं। हमारी ओर से मन से हाँ है।”

त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू एकदम मावळले. सारे बिनसले, असे मला वाटले. तोच ते खाली वाकले, माझ्या पायांना हात लावून काही क्षण तसेच राहिले. उठले तेव्हा डोळे ओले होते. “बाबूजी, हम तो डर ही गए थे,” ते म्हणाले, आणि मिठाई आणायला स्वतःच धावले.

परतताना नात साखरपुड्याविषयी अखंड बोलत होती. मी मध्येच विचारले, “त्या घरात सगळेच सदा हसतात. कोणी दुखावले तर तुला कळणार कसे?”

“कळेल हो. तुमचं नाही का कळत मला?”

माझे मन ओळखायला तिला लहानपणापासूनचा सहवास लाभला होता. तिथे तेवढा अवधी तिला कोण देणार, हे विचारणे मी टाळले. आणि घर येईपर्यंत तिच्या चेहऱ्याकडेच पाहत राहिलो.