शिरूरच्या बागेतली मडम

एसटी शिरूरच्या स्टँडात शिरली तेव्हा माझ्या पिशवीत एक जास्तीचा सदरा, पाण्याची बाटली आणि शिरूरच्या बागेचा संपूर्ण इतिहास होता. इतिहास दीड पानाचा. बाग मी अजून पाहिली नव्हती. पण पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला असल्या किरकोळ गोष्टी आड येत नाहीत.

बागेच्या दारात दगडी फलक लागणार होता आणि त्याचा मजकूर माझ्या गळ्यात पडला होता. शिरूरला (जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात) इंग्रजांची छावणी होती, एवढं मला ठाऊक होतं. पुण्यात बसून मी त्या छावणीत एक साहेब घातला, त्याला एक हौशी मडम दिली आणि तिच्याकडून बाग लावून घेतली. मधोमध कारंजं. पुरावा म्हणाल तर एका स्नेह्यानं पाठवलेला फोटो, तोही हललेला.

स्टँडासमोर मिसळ मागवली. "तिखट कमी," मी म्हणालो. "व्हय, कमीच हाय," हॉटेलवाला म्हणाला. डोळे पुसत पुसतच बागेत पोचलो.

बाग मात्र देखणी. दोन्ही अंगांना बोगनवेल, जास्वंदीचे ताटवे आणि मध्ये दाट, हिरवीगार लॉन. कारंज्यासमोर मांडी घालून चिंतन करावं म्हणून मी पांढऱ्या पँटीनिशी गवतावर बसलो.

"उठा गुर्जी, आत्ताच पानी सोडलंय."

उशीर झाला होता. हातात खुरपं घेतलेली साठीची माळीणबाई समोर उभी होती. पाटी लिहिणारे गुरुजी येणार हे तिला कळलं होतं. ओलं बूड सावरत मी तिला मडमेचा आणि कारंज्याचा इतिहास सांगायला घेतला.

"कारंजं? आवं, हौद हाय त्यो. हितं बैलांचा बाजार भरायचा. बैलं पानी प्यायची त्यात."

मडम पहिल्या फटक्यात हौदात बुडाली. माझा चेहरा बघून बाईंना दया आली असावी. त्यांनी भाकरी-खरडा पुढं केला आणि बागेची खरी हकिकत सांगितली.

"बाग नवी झाली तवा मालक (नवरा) आन् मी कामाला लागलो. तवाचं साहेब म्हनले, उद्या पाव्हणे येत्यात, घाण काढून ठेवा. बघतो तर समदीकडं हरळी!"

हरळी म्हणजे चिवट तण. शेतकरी जन्मभर ते उपटतो आणि ते जन्मभर पुन्हा उगवतं.

"म्हायेरी खुटबावला बापाच्या रानात दुसरं केलं काय मी? दोघांनी दुपारपातूर मुळासकट काढली, ढीग घातला. साहेब आलं आन् डोक्याला हात लावून खालीच बसलं. ती लॉन व्हती."

मी ठसका लागेपर्यंत हसलो. बाईही हसल्या, पण थोड्याच.

"मग मालकांनी काडी काडी परत लावली. तीन दिस गुडघ्यावर. त्यांना जाऊन चार वर्सं झाली. ही समदी त्यांच्या हातची हाय." त्यांनी गवतावरून तळवा फिरवला. "आता काढनार हायती."

ते खरं होतं. सुशोभनाचं काम बघणाऱ्या साहेबांनीच मला फोनवर सांगितलं होतं, इंग्रजांच्या काळातलं असेल तेवढं राहील, बाकी सगळीकडे फरशी. तेव्हा मी नुसतं 'उत्तम' म्हणालो होतो. आता मला स्वतःची लाज वाटली.

"मावशी, मी खरं लिहितो. मालकांचं नाव घालतो."

"नावानं गवत ऱ्हातंय व्हय? तुमची ती मडम हाय न्हवं? तिनं लावली म्हना."

"अहो, पण ते खोटं होईल!"

"हौदाचं कारंजं केलंच की तुमी."

मी पेन काढलं.

चार वाजता साहेबांनी मजकूर वाचला. 'ही हिरवळ एका इंग्रज बाईंनी स्वहस्ते लावली' या वाक्यावर ते थांबले. "अरे वा. मग हिला हात नको लावायला." बाकीचं दीड पान दगडाला फार लांब होतंय म्हणून त्यांनी काढून टाकलं. पार्श्वभागी हिरवा डाग मिरवत मी संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला परतलो.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. फलक लागला होता, लॉन जागेवर होती.

"गुर्जी, आमी उपटल्याचं न्हाई ना लिवलं कुठं?"

"नाही हो, मावशी."

"बरं केलं. त्या साहेबांबिगर मालकांनी मरेस्तवर कुनाला कळू दिलं न्हाई. लई लाज वाटायची त्यांना. तुमच्याम्होरं कसं निघालं त्वांडातनं, कुनास ठावं."

पुराव्याशिवाय लिहिलेल्या वाक्यांवर मी पस्तीस वर्षं लाल रेघ मारत आलो. माझं एकच वाक्य दगडावर चढलं, आणि तेही धडधडीत खोटं. निघताना मी बाईंना त्यांच्या मालकांचं नाव विचारून घेतलं होतं. ते मी इथंही लिहीत नाही.