मराठी आपोआप

अन्याय कोणावर झाला ते आधी सांगतो, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की हा गोल गोल बोलतो. रोहिणखेडहून रोज काळी-पिवळी जीपनं मोताळ्याला येऊन कॉम्प्युटरवर मराठी टाइप करणाऱ्या एका बाईवर झाला. केव्हा? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना. मी तिथंच होतो.

दुकान म्हणजे पुढं कृषी केंद्र आणि मागं प्लायवूडच्या आडोशाला डीटीपी. पुढं बियाणं, खतं, औषधं; मागं लग्नपत्रिका, अर्ज आणि आमची पत्रकं. मालक एकच, त्याला सगळे शेठ म्हणायचे. मी शेतकऱ्यांच्या आंदोलनात पत्रकं लिहायचो. त्या वर्षी बीटी कपाशीची पानं लाल पडायला लागली होती. ज्या दुकानानं त्या बियाण्याची पाकिटं विकली, त्याच्याच पाठीमागं बसून आम्ही त्या पाकिटांविरुद्धचं पत्रक टाइप करून घ्यायचो. शेठला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला दोन्हीकडून मिळत होतं.

टाइप करायची ती ही बाई. तिशी उलटलेली, नवऱ्यानं टाकलेली. घरी म्हातारे अब्बा आणि दहावीतली मुलगी, आणि सगळं घर हिच्या पगारावर. जीभ तिखट. माझ्या पत्रकात ‘शोषण’ पुन्हा पुन्हा आलं की म्हणायची, "भाऊ, एखादं कमी करा ना. वाचणाऱ्यालेही घरी कामं असतात."

त्या उन्हाळ्यापासून शेठला एकच विषय पुरत होता. कॉम्प्युटरची नवी सिस्टिम येणार. त्याचा साळा पुण्यात कुठल्याशा कंपनीत होता. त्याचा फोन आला की दुसऱ्या दिवशी शेठ युरियाच्या पोत्यांजवळ उभा राहून सगळ्यांना ऐकवायचा. नव्या सिस्टिममध्ये म्हणे मराठी आतच बसवलेली येणार. वेगळा फॉन्ट नको, कीबोर्ड शिकायला नको. व्हायरसची भानगड खलास. आपण नुसतं बोलायचं, ते आपोआप लिहिणार.

हा सूर मला ओळखीचा होता. बीटी येणार होतं तेव्हा ‘आता फवारणीच लागणार नाही’ हे याच सुरात सांगितलं गेलं होतं, याच दुकानात, याच तोंडानं. आमच्याकडं घरोघरी पुढच्या पेरणीसाठी सरकी राखून ठेवायचे. नवं पाकीट येणार एवढं ऐकूनच लोकांनी ती ढोरांना चारली. पाकीट अजून कोणी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. मग पाकीट आलं तेव्हा दुकानदार देईल ते आणि म्हणेल त्या भावात घ्यावं लागलं, कारण घरात दुसरं काही उरलंच नव्हतं.

बाई हे सगळं हसण्यावारी न्यायची. एकदा भर गर्दीत तिनं आतूनच विचारलं, "शेठ, बोललेलं लिहील म्हणता. पण तुमचं बोलणं समजंल का त्याले? ‘काऊन बे, कुठी मेला होता’ म्हटलं तर काय काढंल? मयताचा दाखला?"

पोत्यांवर टेकलेले सगळे फिदीफिदी हसले. शेठही हसला, पण उशिरा. त्या हसण्याची वसुली त्यानं करीच्या दिवशी केली.

मी पत्रक घेऊन गेलो तेव्हा शेठ तिच्या पाठीशी उभा होता. "पत्रक राहू दे," तो मला म्हणाला, "आधी माह्यं काम." मग तिला मजकूर सांगितला. "लिही. लवकरच येत आहे नवी सिस्टिम. खाली लिही, मराठी आपोआप. त्याच्या खाली, टायपिस्टची गरज नाही."

तिची बोटं थांबली. "हे कायले, शेठ?"

"दुकानावर लावायले. तू लिही ना."

तिनं लिहिलं. तो वाकून पाहत म्हणाला, "शेवटची ओळ मोठी कर. अजून मोठी. रस्त्यावरून दिसली पाहिजे." तिनं मोठी केली. प्रिंट काढली. त्यानं कागद हातात घेतला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "झकास. हाव, आता उठ. उद्यापासून यायचं नाही."

"अजून आली कुठी ती सिस्टिम?"

"येऊन राह्यली ना! आल्यावर तुले काढली तर तू म्हणशील, आधी काऊन नाही सांगतलं."

पुढं उभे असलेले हसले. तिच्या बोलण्यावर हसणारेच होते ते. एकजण म्हणाला, "काय ताई, लिहा आता मयताचा दाखला!" आणि पुन्हा हशा पिकला.

मी भांडलो. महिनाभराची तरी मुदत दे म्हणालो, नियम सांगितले, आवाज चढवला. शेठ म्हणाला, "ओ क्रांतिकारक, तुमचं पत्रक कोण टाइप करंल ते पहा आता." बाई चपला घालत होती. ती माझ्यावरच उखडली. "भाऊ, भाषण बाजारात द्या. मले जीप पकडायची हाय."

पुढचं जास्त वाईट आहे. मी तिच्यासाठी मोताळ्यात आणि मलकापुरात डीटीपीची दुकानं फिरलो. बाई चांगली आहे, वेगानं टाइप करते, चुका नाहीत. सगळीकडं एकच उत्तर: नवी सिस्टिम येऊ द्या, मग पाहू. दिवाळीत येणार होती, ती संक्रांतीनंतर येणार असं छापून आलं. कोणी वैतागला नाही. उलट एवढा उशीर लागतोय म्हणजे चीज तशीच भारी असणार, असं म्हणून लोक आणखी वाट पाहत बसले. तोवर शेठ दोन बोटांनी अर्ज बडवत होता आणि लोक लग्नपत्रिका घेऊन बुलडाण्याला जात होते.

अखेर सीडी आली. तीही कोणाच्या तरी सीडीवरून उतरवलेली. शेठच्या मशीननं ती कशीबशी गिळली आणि साध्या अर्जालाही धापा टाकायला लागलं. मराठी आत होती, खोटं नाही. पण जुन्या फॉन्टमधलं सगळं काम तिच्यात बसेना. बोलून लिहिणं तर कुठंच नव्हतं. शेठनं मशीनमधलं सगळं पुसलं आणि जुनी सिस्टिम परत टाकली.

मी धावतच गेलो. वाटलं, आता तरी बोलावणं जाईल. पाहतो तर खुर्चीत नवीच पोरगी. नुकताच क्लास करून आलेली, अर्ध्या पगाराची, अक्षर शोधत शोधत दाबणारी.

"शेठ, त्या बाईले काऊन नाही बोलावलं?"

"बोलावून काय करू?" तो शांतपणे म्हणाला. "साळा सांगत होता, याच्या पुढची सिस्टिम दोन-तीन वर्षांत येऊन राह्यली. तिच्यात सगळं बरोबर असणार हाय. मंग तिले परत काढा लागंल. दोनदा वाईट कोण होते?"

हे तो मनापासून बोलत होता. त्याच्या हिशेबात ही दया होती.

बाई आता कापूस वेचणीला जाते, हंगाम नसला की घरी शिवण. मुलगी दहावी झाली. पुढं नाही. परवा भेटली तर बोटं दाखवली मला, बोंडांच्या काट्यांनी फाटलेली. म्हणाली, "यायनं टाइप होते का आता, सांगा." मी काही म्हणायच्या आत "होते," तीच म्हणाली. "बसवून तर पहा म्हणा."

मोताळ्याच्या वाचकांनो, हे तुम्हाला सांगतोय. तुमच्या घरात लग्न निघेल, एखादा अर्ज निघेल, कागद घेऊन तुम्ही त्या आडोशाच्या मागं जाल. जाऊ नका. आधी शेठला तोंडावर विचारा की जी सिस्टिम आलीच नव्हती तिच्यासाठी बाईला का उठवलं. आणि तो तिला पूर्ण पगारावर परत बसवत नाही तोवर एक ओळसुद्धा त्याच्याकडून टाइप करून घेऊ नका.