अक्काची टोळी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी आणि माझे मालक तेरजवळचं आमचं गाव सोडून सडकेच्या कामावर गेलो. रान थोडं आणि खाणारी तोंडं जास्त, म्हणून गेलो. एका मुकादमानं गावोगावची माणसं गोळा केली होती. आज या गुत्तेदाराकडं, म्हणजे कंत्राटदाराकडं, उद्या त्या, अशी तो आम्हाला कामावर लावायचा. काम होतं नळदुर्गच्या अंगाला, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. गडी खडी फोडायचे, आम्ही बाया घमेल्यांनी ती वाहून रस्त्यावर पसरायचो.

तिथं आम्हाला नावं नव्हती. मीठ आणायला गेलं की दुकानदार विचारायचा, "कुणाची माणसं?" मुकादमाचं नाव सांगितलं की पुढं कुणी काही विचारत नसे. सणाला गावी गेलं तर भावकी म्हणायची, "आले सडकवाले."

मुक्काम किती दिवस, हे फक्त मुकादमाला ठाऊक. भाकरी तव्यावर असायची आणि तो आमच्या कापडी पालापुढं उभा राहून म्हणायचा, "उचला." कुठं जायचं ते ट्रकात बसल्यावर कळायचं. त्यामुळं मी संसार कधी मांडलाच नाही. जेवायला बसले तरी कान रस्त्याकडं. ट्रक थांबल्यासारखा वाटला की मी भाकरी फडक्यात बांधायला घ्यायची, आणि तो रस्ता तर दिवसभर ट्रकांचाच होता.

टोळीत एक एकटी बाई होती, आळंदच्या पलीकडची, कानडी मुलखातली. नवरा वारलेला. तिला सगळे अक्का म्हणायचे. कमी बोलायची. चिडली की मात्र कानडीत बोलायची, आणि ते शब्द समजले नाहीत तरी गडी गप्प व्हायचे.

एके दिवशी मुकादम नवं काम बघायला म्हणून सोलापूरला गेला आणि परत आलाच नाही. बाजाराचा दिवस येऊन गेला तरी त्याचा पत्ता नाही. मग गुत्तेदाराचा माणूस आला. मजुरीचं विचारलं तर म्हणाला, "माझा व्यवहार मुकादमाशी. तुम्हाला मी वळखत न्हाय." आमच्याशी बोलताना तो बघत होता खडीच्या ढिगाकडं.

काम थांबलं. गडी लिंबाखाली बसून वाद घालायचे. कुणी म्हणे गावाकडं जाऊ, कुणी म्हणे थांबू. दोन घरं तर न सांगताच निघून गेली. मी दिवसातून दहादा पालाच्या दोऱ्या ओढून बघायची. करायला दुसरं काही नव्हतं.

अशाच एका सकाळी सडकेचे सरकारी साहेब गुत्तेदाराच्या माणसाला घेऊन जीपमधून आले. अर्धवट पडलेली सडक बघून त्यांनी विचारलं, "मुकादम कोण तुमचा?"

मागून अक्का पुढं आली. "म्या हाय की."

गड्यांमधून हसू फुटलं. साहेबही हसले. "बाई मुकादम?"

"सडकंला कळतंय व्हय साहेब, बाईनं केली का गड्यानं?"

साहेबांनी पुढं ओढ्यावरच्या पुलाकडं हात केला. मग गुत्तेदाराच्या माणसाला म्हणाले, "पुलापर्यंतचं काम हिला द्या. बघू."

त्या दिवशी माझे मालक कामावर उठलेच नाहीत. "बाईच्या हाताखाली म्या न्हाय," म्हणाले. मी त्यांचा हातोडा उचलला आणि खडीवर जाऊन बसले. संध्याकाळी अक्का पालापालातून फिरली. प्रत्येकीला नाव विचारलं, गाव विचारलं. मला माझं नाव पटकन सांगताच येईना. किती दिवसांत ते कुणी विचारलं नव्हतं! मग ती म्हणाली, "पुलापातूर हिथंच ऱ्हायचं. नंतर कुठं जायचं, ते आधी सांगीन." एवढं ऐकून मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवसापासून मालकही यायला लागले. माझ्याशी मात्र बोलत नव्हते.

पूल जवळ आला आणि जुना मुकादम ट्रक घेऊन उगवला. जणू कालच गेला होता. "चला, उचला. लातूरकडं लई मोठं काम हाय."

अक्कानं त्याच्याकडं पाठ केली. आम्हाला म्हणाली, "ज्याला जायचंय त्यानं जावं. म्या सडक पुरी करणार."

निम्मी टोळी उठली. मालकही उठले, बोचकं घेऊन ट्रकात चढले आणि मला म्हणाले, "चल."

"तुमी जावा," मी म्हणाले. मी घमेलं सोडलं नाही.

ट्रक गेला. मी खडी वाहत राहिले, आणि वर बघायचं नाही असं ठरवूनही दर खेपेला वर बघत राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा रस्त्यावरून मालक चालत येताना दिसले. पुढच्या वळणावर ट्रक थांबवून उतरले होते. पाणी प्यायले आणि हातोडा घेऊन बसले.

अक्काची टोळी पावसाळ्यापर्यंत चालली. दसऱ्यानंतर येते म्हणून अक्का आपल्या मुलखात गेली, पण आली नाही. सडकेचं काम दुसऱ्या मुकादमाला गेलं. आम्ही ढोकीला साखर कारखान्याच्या बांधकामावर लागलो, तिथंही कुणाच्या तरी हाताखालीच. पुढं मालकांना त्याच कारखान्यात कायमचं काम लागलं आणि दोन खोल्या मिळाल्या.

त्या खोल्यांत मला करमेना. दार लावलं की जीव घुसमटायचा. मालक विचारायचे, "आता कुठं जायचंय तुला?"

"कुठं न्हाय," म्हणायची मी, आणि बाहेर ओट्यावर जाऊन रस्त्याकडं कान देऊन बसायची.