चांगदेवांच्या जीपमधला फ्यूज

खुटबावच्या मायाचं भांडगावला हायवेच्या कडेला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथं तिचा एकच हट्ट चालतो. फ्यूजच्या जागी तार पिळलेली गाडी आली, की आधी तार निघणार, मग पुढचं बोलणं. ट्रकवाले कुरकुरतात, ट्रॅक्टरवाले तोंड वाकडं करतात आणि पुढच्या खेपेला मुकाट्यानं तिच्याच दारात गाडी लावतात. शिक्रापूरच्या कारखान्यात तिनं कैक वर्षं नव्या गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधल्या. कुठली वायर किती करंट सोसते, हे तिच्या बोटांना पाठ आहे. बाईमाणसाला वायरिंगमधलं काय कळतंय, असं म्हणणारे आता स्वतःहून चावी तिच्या हातात देतात.

अख्ख्या परिसरात एकच गाडी तिच्या हाताखालून गेली नव्हती, ती तिच्या वडिलांची जीप.

चांगदेव म्हणजे चौफुला-न्हावरे रस्त्यावर जीपनं पॅसेंजर ने-आण करणारे जुने वडापवाले. त्यांच्या जीपमध्ये फ्यूज औषधालाही नव्हता, जिथं तिथं तांब्याची तार. फ्यूज उडाला की गाडी अडते आणि पॅसेंजर मध्येच उतरवावं लागतं, म्हणून ही युक्ती. आजवर एकही पॅसेंजर वाटेत उतरवलं नाही, हे ते चारचौघांत छाती काढून सांगत. माया परोपरीनं सांगायची की करंट जास्त झाला तर फ्यूज वितळून तो तोडतो, ही जाडजूड तार तोडत नाही. मग वायर तापते, पेटते आणि गाडीची होळी होते. चांगदेव सगळं ऐकून घ्यायचे आणि चहा मागवायचे. अशा माणसापुढं कोण काय करणार!

यंदा जयंतीच्या मिरवणुकीचा मान त्यांच्या जीपला मिळाला. टपावर बाबासाहेबांची प्रतिमा, भोवती झगझगीत फोकस, मागच्या बाकड्यांवर पंचशील झेंडे घेतलेली पोरं. एवढ्या लाइटींची वायर ओढायला मात्र माया हवी होती. बापानं पहिल्यांदाच तिच्यासमोर बॉनेट उघडलं. तिनं ती संधी सोडली नाही. सगळ्या तारा उपटल्या, फ्यूज बसवले, फोकसना वेगळा फ्यूज दिला.

“आन् ऐन मिरवणुकीत उडला तर?” चांगदेवांनी विचारलं.

“तर समजायचं, कुठंतरी बिघाड हाय.”

“आन् गावात माझी शोभा हुईल, त्येचं काय?”

मायानं बॉनेट लावलं. फ्यूज उडाला तर बाप पुन्हा जीपला हात लावू देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गावभर नाव काढलेली लेक घरात मात्र कायमची खोटी ठरली असती. तरीही तार काही तिनं परत बसवली नाही.

संध्याकाळी मिरवणूक रंगात आली. पोरं बाकड्यांवर उभी राहून नाचत होती. जीप चावडीजवळच्या चढाला लागली आणि सगळे फोकस एकदम विझले. प्रतिमा अंधारात गेली. चांगदेवांनी गाडी थांबवली. जयंती समितीचा धम्मदीप धावत आला आणि काकुळतीनं म्हणाला की तूर्तास तार घाला, थोडंच अंतर राहिलंय. चांगदेवांचा हात तर आधीच खिशात गेला होता. तारेचा तुकडा तिथं कायमच असायचा.

माया गर्दीतून वाट काढत पुढं आली.

“आबा, तार ऱ्हाऊ द्या. आधी पोरं खाली उतरवा.”

चांगदेवांनी तिच्याकडं पाहिलं. भर गावात, ऐन मिरवणुकीत गाडी रिकामी करायची, आणि तीही त्यांनी! पण लेकीच्या आवाजात विनवणीचा लवलेश नव्हता. दुकानात ती ट्रकवाल्यांशी अशीच बोलते, असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी एकेक पोर हाताला धरून उतरवलं. शेवटी उतरली त्यांची नात, वैष्णवी.

मायानं बाकडं उचललं आणि मोबाइलचा उजेड पाडला. पोरांच्या नाचण्यानं बाकड्याचा लोखंडी पाय सरकून फोकसच्या वायरीवर बसला होता. वरचं आवरण पार चिरडलं होतं, उघडं तांबं पत्र्याला टेकलं होतं. त्याला लागूनच गादीचा फोम होता. वैष्णवी त्याच गादीवर उभी होती.

चांगदेवांनी खाली वाकून फोमवरून हात फिरवला. फोम थंडगार होता. तेवढ्यात मागून कुणीतरी हसत विचारलं, “काय आबा, शेवटी बंद पडली व्हय गाडी?”

“बंद न्हाई पडली,” चांगदेव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “माझ्या मायानं थांबीवली.”

मग त्यांनी लेकीच्या हातातला मोबाइल घेतला आणि ती वायरीला टेप गुंडाळत होती तोवर तिच्यावर उजेड धरून उभे राहिले.