पाटणच्या पाहुण्यांचं पोतं

सांगलीच्या एसटी स्टँडवर बत्तीस वर्षं हमाली केलेला चांदसाहेब त्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून तिथंच पाहुण्यांची वाट बघत उभा होता. लेकीला, फिरदोसला, बघायला पाटणहून माणसं येणार होती. बायकोनं, रशीदानं, बजावून पाठवलं होतं, "गोदामाचा मॅनेजर म्हणून सांगितलंय. तोंड सांभाळा. हमाल हाय म्हणून कळलं की सोयरीक मोडली!"

आता या बाईला कोण सांगणार? तोंड सांभाळता येतं हो, पाठ कशी सांभाळायची?

पाटणची गाडी लागली. नवऱ्या मुलाची आजी उतरली, चांदसाहेबानं सलाम करून ओळख सांगितली. पाठोपाठ भेट म्हणून आणलेलं तांदळाचं पोतं निघालं. मुलगा अमीर आणि त्याचे वडील ओढून ओढून घामाघूम झाले, पण पोतं गाडीच्या दारातच अडलेलं. चांदसाहेबाला काही राहवेना. वाकला, पाठ लावली, एक हिसका दिला आणि पोतं पाठीवर! वर "बाजूला, बाजूला!" अशी आरोळीही ठोकली.

आजी बघतच राहिली. "आवं, तुमी मॅनेजर न्हवं?"

झालं! फिरदोसचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं आला. पण पाठीवर ओझं असताना खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती.

"न्हाई आजी, मी हमाल हाय. आमच्या मौलवीसाहेबांनी सांगितलेलं, शब्द अरबीतला हाय. हमल म्हंजे वाहणं, वाहतो त्यो हमाल. अरबीतनं फारसीत आन् तिथनं आपल्या मराठीत आला. एवढ्या लांबनं आलेला शब्द मी कशाला लपवू?"

अमीर गालातल्या गालात हसला. आजी मात्र हसली नाही.

"खोटं सांगितलंत ते लय वाईट केलंत," ती म्हणाली. "चला घरी."

चांदसाहेबानं रिक्षा केलीच नाही. भर गल्लीतून, ताठ मानेनं लोकांचे सलाम घेत, पोतं घरापर्यंत नेलं. इस्त्रीचं पार वाटोळं झालं. दारात रशीदानं कपाळावर हात मारला, मागं फिरदोस श्वास रोखून उभी.

आजी उंबऱ्यातूनच गरजली, "रशीदाबी, तुमचा मॅनेजर काय आला न्हाई. हमाल आलाय. माझ्या लेकाला-नातवाला हललं न्हाई ते एकट्यानं आणलंय. पोरीची हरकत नसंल, तर सोयरीक पक्की!"