रांग छोटी करणाऱ्या बाई

ऑफिसात त्यांना सगळे गणितबाई म्हणत, आणि म्हणताना जरा हसत. एकवीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसून नेटवर्कचं गणित मांडत होत्या: फायबरमधून माहितीची पाकिटं किती वेगानं येतील, कुठे तुंबतील, किती ताटकळतील. केबल टाकणाऱ्या मंडळींना वाटे, कागदावर पोहून कुणी नदी ओलांडलीय का?

त्या महिन्यात दवाखान्यांच्या व्हिडिओ कॉलनं डोकं उठवलं. डॉक्टरांचा आवाज सेकंदभर मागे राही. साहेबांनी नेहमीचा उपाय केला: एकही पाकीट वाया जाऊ नये म्हणून यंत्रात पाकिटं थांबतात ती रांग दुप्पट लांब केली. उशीर दोन सेकंदांवर गेला.

बाईंनी समीकरणं सोडवली आणि म्हणाल्या, रांग विसाव्या हिश्शावर आणा. हशा पिकला.

"बाई, गिऱ्हाईक वाढलं म्हणून दुकानदार ओटा तोडतो का?" साहेबांनी विचारलं.

"दार तेवढंच ठेवून तुम्ही ओटा वाढवलात साहेब. लोक उभेच. उशिरा पोचलेला शब्द शिळाच, तो टाकलेला बरा. पाकीट वाया गेलं की पाठवणारं यंत्रही दमानं घेतं."

साहेबांनी अट घातली. मंगळवारी सकाळी अकराला, ऐन गर्दीत, बारा नेटवर्क केंद्रांपैकी एकावर प्रयोग. फसला तर हे टेबल बंद, बाईंची रवानगी तक्रारींच्या खिडकीवर.

घरी सासूबाईंनी भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. आयुष्यभर शाळेत परीक्षा घेतलेली बाई ती. "उत्तर आधी लिहून ठेव," त्या म्हणाल्या, "आणि सगळ्यांच्या सह्या घे. नाहीतर जिंकलीस तरी योगायोग म्हणतील गं ते."

मंगळवारी फळ्यावर बाईंनी आकडे लिहिले: उशीर ऐंशी मिलिसेकंद, वाया पाकिटं हजारात चार. खाली साहेबांसकट सात सह्या.

अकराला रांग आखडली. वाया जाणारी पाकिटं सपकन वर गेली; कुणीतरी "झालं कल्याण" म्हणालं. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. मिनिटाभरात पाठवणारी यंत्रं सावरली आणि पडद्यावरचा आलेख स्थिरावला. उशीर एक्याऐंशी. वाया हजारात चार.

दवाखान्यातून फोन आला, काय केलंत म्हणून. साहेबांनी फोन सरळ बाईंच्या हातात दिला आणि विचारलं, "उरलेली अकरा केंद्रं कधी करायची?"

"प्रत्येकाचं गणित वेगळं आहे. रोज एक," बाई म्हणाल्या. "आणि सह्या दर वेळी लागतील."