खंडेरावांनी न तपासलेली बोट

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात खंडेराव अरिंगळे यांनी चौतीस वर्षं फिटरचं काम केलं. चालत्या पंपावर नुसता तळवा ठेवून आतलं बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचे, आणि साहेब लोक मुकाट्यानं ऐकून घ्यायचे. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून गंगापूर धरणाच्या काठावरल्या फार्महाऊसवाल्यांच्या मोटारबोटी ते दुरुस्त करायला लागले. पुढं पुढं जुनी बोट घ्यायची झाली की लोक आधी त्यांना बोलवायचे. "खंडेराव हो म्हणाले ना? मग डोळे मिटून घ्या," असं कुणी म्हटलं की त्यांची मान ताठ व्हायची.

यशश्री हेच ऐकून त्यांच्याकडे आली. तिशीतली, नाशिक रोडला वाढलेली. बोटीमागच्या दोरीला धरून पाण्यावर घसरत जायचा खेळ, वॉटर स्कीइंग, तिला मुलींना शिकवायचा होता. खास त्याच खेळासाठी बांधलेली, मधोमध इंजिन असलेली एक जुनी बोट उपेंद्र नावाच्या गृहस्थांनी विकायला काढली होती.

"काका, मला फक्त वरचा चकचकीतपणा कळतो," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तरच घेईन."

शेडमध्ये ट्रेलरवर उभ्या असलेल्या त्या बोटीवर खंडेरावांनी दोन तास घालवले. ऑइल बोटांवर चोळून पाहिलं. आत पाणी शिरलं असतं तर ते दुधाळ झालं असतं. प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजला. बोटीखालच्या पंख्याची पाती अंगठ्यानं चाचपली, सुकाणू हलवून पाहिलं.

"मीटरवर इंजिन चालल्याचे तास कमी दिसत्यात," ते म्हणाले, "पण मीटरवर इस्वास ठेवायचा नाय. शिटाची शिवण आन् स्टेअरिंगची झीज बघायची."

यशश्री सगळं मोबाईलमध्ये लिहून घेत होती.

उरलं होतं ते खालचं. अशा बोटीचं इंजिन फायबरमध्ये मढवलेल्या दोन लांब लाकडी तुळयांवर बसवलेलं असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं, लाकूड आतून कुजतं आणि वरचं फायबर मात्र नव्यासारखं राहतं. ते ओळखायचं तर इंजिनाशेजारच्या खोबणीत गुडघे टेकून उतरायचं आणि तुळई वीत वीत ठोकत जायचं. धड लाकूड टणटणतं, कुजलेलं भद्द वाजतं.

खंडेरावांनी एक पाय आत घातला आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली. वर्षभर दुखत होता तो गुडघा. बायको सिंधुबाई सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

"काका, मदत करू का?" बाहेरून यशश्रीनं विचारलं.

"नको, झालंच."

हात पुरला तेवढ्यात त्यांनी चार ठोके मारले, टॉर्च विझवला आणि काठाला धरून वर आले.

"खालचं लाकूड?" तिनं विचारलं.

"पाह्यलं. टणक हाय."

दोन महिने बोट मस्त चालली. मग डिसेंबरातल्या एका सकाळी, वैष्णवी नावाची सोळा वर्षांची मुलगी मागं दोरीवर असताना यशश्रीनं वळण घेतलं आणि इंजिन जागेवरून उखडलं. पंख्याचा दांडा वाकला, तो जातो त्या भोकातून पाणी आत घुसलं, आणि यशश्री फेकली जाऊन खांद्यावर आदळली. लाइफ जॅकेटं होती म्हणून दोघी तरल्या. जवळच जाळं टाकणाऱ्या बहिरूनं त्यांना आपल्या होडीत ओढून घेतलं. यशश्रीच्या खांद्यात प्लेट घालावी लागली. हात आता डोक्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बोट काठावर ओढून आणली तेव्हा खंडेराव तिथं होते. उखडलेल्या बोल्टला तुळईचं लाकूड चिकटून आलं होतं. त्यांनी चिमटीत धरलं तर भिजल्या पेंडीसारखं चुरगळलं.

"वळण फार जोरात घेतलं असणार," उपेंद्र म्हणाले.

जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. खंडेरावांनीही डोलावली.

चार दिवसांनी ते तिला भेटायला गेले. हात गळ्यात बांधलेली यशश्री त्यांना पाहून रडायला लागली. "सॉरी काका. तुम्ही एवढी पारखून दिलेली बोट मी घालवली. वैष्णवीच्या आईलाही सांगितलं मी, चूक माझीच आहे."

खंडेरावांनी चहा घेतला आणि घरी आले. ताटावरून तसेच उठले, तेव्हा सिंधुबाईंनी छेडलं आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मंग मला काय सांगताय?" सिंधुबाई म्हणाल्या. "मी व्हते का त्या बोटीत?"

दुसऱ्या दिवशी ते परत नाशिक रोडला गेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "ताई, मी खाली उतरलोच नव्हतो. गुडघा वाकत नाय माझा. लाज वाटली सांगायची, म्हणून खोटं बोललो. तुळई कुजलेली व्हती. तुमच्या वळणानं काय झालं नाय."



"गुडघा वाकत नाही एवढंच म्हणाला असतात, तर मी उतरले असते," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"आता जा तुम्ही."

तिथून ते वैष्णवीच्या आईकडे, पूजाकडे गेले. पूजानं उंबऱ्यातच उभं राहून सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. मग त्यांनी उपेंद्रांना सांगितलं, धरणावर भेटेल त्याला सांगितलं. बोलावणी आटली. खंडेरावांनी तक्रार केली नाही.

जून उजाडता उजाडता यशश्रीचा फोन आला. दुसरी बोट बघायची होती.

"इथलं दुसरं कुणी हे काम जाणत नाही," ती कोरडेपणानं म्हणाली. "तुम्ही वर बसायचं. मी उतरते. कुठं ठोकायचं तेवढं सांगा."

ती एका हातानं तोल सावरत खाली उतरली. ते सांगत गेले, ती ठोकत गेली.

"हितलं धड हाय," ते एकदा आवाज ऐकून म्हणाले.

तिनं वर न बघता तीच जागा पुन्हा तीनदा ठोकली, बोल्टला पाना लावून पाहिला, आणि मगच पुढं सरकली. तिचं बरोबरच होतं. खंडेराव मान खाली घालून पुढची जागा सांगू लागले.